जवसाचे फूल स्पष्ट आणि मागचे वावर धूसर कसे मिळवावे?

आर्वीकर_शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शिवारात फुलणाऱ्या फुलांचा एक चित्रसंग्रह मुलांसाठी तयार करावा असे मनात आहे आणि त्यासाठी गेल्या तीन आठवड्यांपासून शाळेत जाण्यापूर्वी रोज सकाळी वावरात फोटो काढते आहे. सध्या जवस फुलावर आहे. ज्यांनी हे पीक जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की गुडघ्याएवढ्या झाडाच्या दोऱ्यासारख्या बारीक देठावर जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीचे निळे फूल येते, ते सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळूनही जातात. त्यामुळे माझ्या हाती रोज तासाभराचाच वेळ असतो.

माझ्याकडे कॅनॉनचा साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. अडचण अशी, की फुलाबरोबर मागची तूर, शेजारच्या हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप आणि रानडुकरांना अडवण्यासाठी धुऱ्यावर (बांधावर) बांधलेल्या जुन्या साड्या हे सगळेच फोटोत ठळक येते आणि फूल शोधावे लागते. अ‍ॅपर्चरचा आकडा (लेन्सच्या आतल्या भोकाचा; आकडा लहान तितके भोक मोठे) कमी ठेवा असे एकाने सुचवले, म्हणून सहकाऱ्याकडून ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स चार दिवसांसाठी मागून आणली. तिने मागचे सगळे विरघळवून टाकले हे खरे, पण फुलाचेही तेच केले: एका पाकळीची कड तेवढी स्पष्ट, मधले पुंकेसर धुक्यात. शिवाय साधारण एका हातापेक्षा जवळ गेले की ती लेन्स फोकसच घेत नाही. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडने तर देठच पुसून टाकला आणि फूल हवेत तरंगते आहे असे चित्र दिले.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घेणारी) माझ्या पगारात बसणारी नाही. ती घेतल्याशिवाय हे काम होतच नाही का, की मीच काही चुकते आहे?

संत्र्याची_बाग

ताई, काही विकत घेण्याआधी उद्या सकाळी जवसात खाली बसून पाहा, हे माझे पहिले सांगणे आहे. तुम्ही लिहिलेले नाही, पण फोटो उभ्याने किंवा थोडे वाकून काढत असाल असा माझा अंदाज आहे, कारण मी स्वतः पहिली दोन वर्षे तेच केले. गुडघ्याएवढ्या झाडाकडे वरून पाहिले, की फुलाच्या मागे जमीन येते आणि ती फुलापासून हातभरसुद्धा लांब नसते. ढेकळे, काडीकचरा, खालची पाने सगळी फोटोत उतरणारच. तेच तुम्ही पोते अंथरून बसलात आणि कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणला, की फुलाच्या मागे चाळीस पावलांवरचा धुरा येतो. लेन्स तीच, आकडे तेच, फोटो मात्र ओळखू येत नाही इतका बदलतो.

यामागचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा फुलापासून वीतभर अंतरावर असेल आणि मागचे पानही फुलाच्या वीतभरच मागे असेल, तर त्या लेन्सकडून मिळू शकणाऱ्या धूसरतेपैकी साधारण निम्मी पदरात पडते. पान तीन विती मागे गेले तर पाऊण मिळते, नऊ विती मागे गेले तर नव्वद टक्के. म्हणजे पार्श्वभूमी क्षितिजापर्यंत लांब असण्याची गरज नाही, पण फुलाला टेकलेलीही नको. म्हणूनच मी दाटीतले फूल कितीही सुंदर असले तरी सोडून देतो आणि वावराच्या कडेचे, एकटे उभे असलेले फूल निवडतो.

माझी बाग वरूडच्या बाजूला आहे. संत्र्याची झाडे सहा बाय सहा मीटरवर लावलेली असतात, आणि आंबिया बहाराचे फूल जानेवारी-फेब्रुवारीत येते तेव्हा मी फांदीच्या टोकाचे फूल शोधून दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याच्या दिशेने कॅमेरा धरतो. झाडाकडे तोंड केले तर मागे पानांचा गचपणा येतो, पट्ट्याकडे तोंड केले तर मागे पंचवीस-तीस मीटर मोकळे मिळतात. फूल पांढरे असल्यामुळे मागे आकाश आले की ते हरवते. मागच्या झाडाची सावली आली की पाकळ्यांची मेणासारखी झळाळी दिसते. जवसाच्या निळ्यालाही सावलीची पार्श्वभूमी मानवेल असे वाटते. सकाळी ऊन तुमच्या फुलावर पडलेले असते आणि पांदणीच्या कडेची झाडे अजून अंधारात असतात, ती वेळ साधावी.

साड्यांचे मात्र वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडेही धुऱ्यावर साड्याच आहेत. मी त्यांच्याकडे रंगपेटी म्हणून पाहतो. वीस पावलांवरची साडी धूसर झाली, की तिची नक्षी, फाटलेला पदर, बांधलेली गाठ सगळे नाहीसे होते आणि फक्त रंग उरतो. निळ्या फुलामागे पिवळी किंवा मळकट गुलाबी साडी येईल अशी जागा दोन पावले इकडे-तिकडे सरकून शोधा. भडक लाल टाळा, तो फुलापेक्षा आधी डोळ्यांत भरतो.

वाऱ्यासाठी एक तुराटी जमिनीत रोवावी आणि कपड्यांच्या चिमट्याने देठ तिला हलकेच टेकवून धरावा, चिमटा चौकटीच्या खाली राहील इतपत. चिमट्याच्या तोंडाला कापूस गुंडाळल्यास देठ चेपत नाही. सावलीची बाजू उजळण्यासाठी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू पुरते. मी तेच वापरतो.

तालुक्याचा_स्टुडिओ

वरच्या काकांचे अंतराचे म्हणणे शंभर टक्के मान्य. पण लेन्सचा मुद्दा त्यांनी जरा लवकर निकालात काढला असे मला वाटते, म्हणून आकड्यांनिशी लिहितो. माझा व्यवसाय लग्नाच्या फोटोंचा आहे. फुलांचे वेड उन्हाळ्याची लगीनसराई संपल्यावरचे.

आधी ताईंच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सचे पाहू. ती एसटीएम (स्टेपिंग मोटरने फोकस करणाऱ्या) प्रकारची असेल तर किमान ३५ सेंटिमीटरवर फोकस घेते, आणि हे अंतर लेन्सच्या काचेपासून नव्हे तर सेन्सरपासून मोजायचे असते (कॅमेऱ्यावर आडवी रेघ मारलेल्या वर्तुळाची खूण असते, ती सेन्सरची जागा). तेवढ्या अंतरावर वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या मूळ आकाराच्या ०.२१ पट पडते. एफ/१.८ वर तिथे स्पष्टतेची जाडी ढोबळमानाने दोन मिलिमीटर. जवसाचे फूल उथळ वाटीसारखे असते आणि त्याची खोली सहज सात-आठ मिलिमीटर भरते. म्हणजे वाटीचा एखादा थर तेवढा स्पष्ट येणार आणि बाकीचा जाणार. चूक तुमची नाही, एफ/१.८ हे जवळच्या फुलासाठी बनलेलेच नाही. या कामात मोठे अ‍ॅपर्चर म्हणजे चांगली धूसरता हा समज सगळ्यात जास्त फोटो वाया घालवतो.

आता तुमची १८-५५. ती एफ/३.५-५.६ आयएस एसटीएम प्रकारची (आयएस म्हणजे हाताचा कंप थांबवणारी) असेल तर ५५ वर लावून पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जाता येते आणि प्रतिमा ०.३६ पट मिळते. दोन सेंटिमीटरचे फूल सेन्सरवर सात मिलिमीटरचे होते. तुमच्या सेन्सरची उंची सुमारे पंधरा मिलिमीटर आहे, म्हणजे फूल चौकटीची जवळजवळ निम्मी उंची व्यापते. मुलांच्या संग्रहासाठी याहून मोठे फूल कशाला हवे? एफ/८ ठेवल्यास स्पष्टतेची जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. पाकळ्यांची पातळी कॅमेऱ्याला समांतर ठेवलीत आणि फोकस पुंकेसरांच्या टोकांवर धरलात, तर तेवढ्यात भागते.

पण तुमच्या पैशांच्या आवाक्यात, जुन्या बाजारात, ५५-२५० एसटीएम मिळत असेल तर ती घ्या असे मी सांगेन. दूर असलेल्या पार्श्वभूमीतला एखादा ठिपका सेन्सरवर किती मोठा होऊन पसरतो याचा हिशेब असा: फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) गुणिले प्रतिमेचा पट, भागिले अ‍ॅपर्चरचा आकडा. ५० मिलिमीटर, ०.२१ पट, एफ/१.८ यांचे उत्तर ५.८ मिलिमीटर येते. ५५-२५० ही २५० वर, तिच्या किमान ८५ सेंटिमीटरवरून, ०.२९ पट प्रतिमा देते. एफ/८ वरसुद्धा उत्तर नऊ मिलिमीटर येते, आणि त्याच वेळी फुलातली स्पष्टतेची जाडी पाच मिलिमीटरच्या घरात असते. (लांब लेन्सची फोकल लेंग्थ जवळच्या फोकसला थोडी घटते, तेव्हा नऊऐवजी जरा कमी धरा.) फूल जास्त स्पष्ट आणि मागचे जास्त धूसर, दोन्ही एकाच वेळी. शिवाय लांब लेन्स पार्श्वभूमीचा अगदी छोटा तुकडा पाहते, त्यामुळे पाइप चुकवायला अर्धे पाऊल सरकले तरी पुरते. छोट्या लेन्सने तेच करायला वावर ओलांडावे लागते.

आणखी जवळ जायचे असेल तर दोन मार्ग आहेत आणि दुकानदार ते सरसकट एकच असल्यासारखे विकतात. एक्सटेन्शन ट्यूब ही मधली पोकळ नळी असते. तिची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढा पट वाढतो. २५ मिलिमीटरची नळी ५० च्या लेन्सला अर्धा पट वाढवून देते, २५० च्या लेन्सला फक्त एक दशांश. उलट क्लोज-अप फिल्टर (लेन्सच्या तोंडावर लावायचे भिंग) लांब लेन्सवर फळतो: दोन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखी भिंगाची ताकद) फिल्टर लावून २५० ची लेन्स अनंतावर ठेवली, की अर्ध्या मीटरवरून अर्धा पट प्रतिमा मिळते. तो दोन काचा जोडलेला घ्यावा. एका काचेच्या स्वस्त फिल्टरने कडांना जांभळी झाक येते. ५५-२५० एसटीएम आणि तुमची १८-५५ एसटीएम दोन्हींच्या तोंडाचा आटा ५८ मिलिमीटरचाच आहे, त्यामुळे एकच फिल्टर दोन्हीकडे बसेल.

ट्यूबच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एका दुकानातून स्वस्तातला संच आणला, घरी येऊन पाहतो तर त्यात विजेचे संपर्कबिंदूच नाहीत. कॅनॉनच्या या लेन्सचे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या विजेवर चालते, त्यामुळे ते उघडेच अडकून बसले आणि फुलाची केसाएवढी पट्टी तेवढी स्पष्ट आली. दुकानाने परत घेतला नाही. मग एफ/८ लावायचे, डेप्थ-ऑफ-फील्डचे बटण (लेन्सचे भोक प्रत्यक्ष लहान करणारे) दाबून धरायचे आणि त्याच अवस्थेत लेन्स काढून ट्यूबवर चढवायची, असा द्राविडी प्राणायाम करून तो संच मी वापरला. तुम्ही घेतलाच तर संपर्कबिंदू डोळ्यांनी पाहून घ्या.

फोकस हाताने करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) दहापट मोठे करून पुंकेसर पाहा, आणि रिंग फिरवत बसण्यापेक्षा स्वतःच केसभर पुढे-मागे झुलून फोटो घ्या. एकेका फुलाचे दहा-बारा फोटो घ्यावे लागतात; मीही घेतो. लेन्समधले स्थिरीकरण तुमच्या हाताचा कंप थांबवते, फुलाचा नाही, म्हणून शटर १/४०० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि गरज पडल्यास आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० पर्यंत खुशाल चढवा.

मोबाइलबद्दल एकच सांगतो. त्याचा सेन्सर छोटा असल्याने धूसरता मुख्यतः गणिताने तयार केली जाते आणि ते गणित बारीक देठाला पार्श्वभूमी समजते. पोर्ट्रेट मोड बंद करून, दोन किंवा तीनपट लेन्स असेल तर तिने, काकांच्या पद्धतीने खाली बसून फोटो घ्या.

पानाफुलांचा_विद्यार्थी

चर्चा छान चालली आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकलो आहे आणि लोक मला ओळख पटवण्यासाठी फोटो पाठवतात. त्यातले निम्मे फोटो इतके सुंदर असतात, की त्यांच्यावरून काहीच सांगता येत नाही. पाकळ्या स्वप्नासारख्या आणि बाकी सगळे लोणी. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठावर लव आहे की नाही, फुलाच्या खालची हिरवी निदले कशी आहेत, हे सगळे त्या लोण्यात गेलेले असते.

शिक्षिकाताईंचा संग्रह मुलांसाठी आहे, म्हणून सांगावेसे वाटते, की प्रत्येक फुलाचे किमान दोन फोटो असावेत. एक मऊ पार्श्वभूमीचा, आणि दुसरा बाजूने, एफ/११ वर, पाने आणि कळ्या यांच्यासह. जवसाची पाने अरुंद आणि बिनदेठाची असतात. ती दाखवली नाहीत तर पोरे पुढे कोणत्याही निळ्या पाच पाकळ्यांच्या फुलाला जवस म्हणतील. कपाशीच्या बाबतीत तर वेळही लिहून ठेवा. अमेरिकन वाणाचे फूल उमलते त्या दिवशी फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. त्याच पऱ्हाटीवर दोन्ही रंग पाहून शहरातल्या एकाने मला दोन वेगवेगळ्या जातींची नावे विचारली होती.

आणि सगळी फुले जवसासारखी उथळ नसतात. पावसाळ्यात कळलावी दिसेल तेव्हा तिच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि पुंकेसर चक्राच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले असतील. ते सगळे एका पातळीत बसवणे शक्य नाही. तिथे एक परागकोश निवडून बाकीचे सोडून द्यावे हेच बरे. (तिचा कंद विषारी असतो, मुले सोबत असतील तर हात लावू देऊ नका.)

संत्र्याची_बाग

विद्यार्थी भाऊ, दुसऱ्या फोटोचे पटले. मी आजवर तो कधी काढला नाही आणि माझ्याकडे नावे नसलेल्या रानफुलांची मोठी थप्पी आहे, त्याचे कारण आता कळले. स्टुडिओवाल्यांच्या आकड्यांशी माझे भांडण नाही, मात्र ताईंनी आधी आहे त्याच लेन्सवर आठ दिवस काढावेत यावर मी ठाम आहे.

आर्वीकर_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहिते आहे, कारण मधले तीन दिवस ढगाळ होते आणि जवस नीट उमललाच नाही.

काकांचा अंदाज बरोबर होता, मी वाकूनच फोटो काढत होते. १८-५५ लेन्स ५५ वर, एफ/८, आणि बसायला युरियाचे रिकामे पोते. पहिल्याच सकाळी फरक दिसला. वावराच्या पूर्वेकडच्या कडेला एक फूल दोन झाडांपासून सुटे उभे होते, त्याच्या मागे पंधरा-वीस पावलांवर पिवळी साडी होती. फोटोत साडी उरली नाही. मोहरीच्या शेतासारखा एक पिवळा पट्टा आला आणि त्याच्यावर निळे फूल, त्याच्या पाकळ्यांमधल्या गडद शिरांसकट. ज्यांचे वावर आहे त्या काकूंना तो दाखवला तेव्हा त्यांना ती आपली साडी आहे हे पटवायला मला दोन मिनिटे लागली.

दोन गोष्टी मात्र जमल्या नाहीत. स्प्रिंकलरचा पितळी नोझल उन्हात चमकतो आणि तो कितीही धूसर झाला तरी पांढऱ्या गोळ्यासारखा फुलाच्या खांद्यावर येऊन बसतो. चौथीतल्या एका मुलाने तो माझ्याआधी पाहिला. शेवटी त्या मुलानेच पळत जाऊन नोझलवर आपली टोपी ठेवली. दुसरे असे, की चिमट्याने देठ धरला तर फूल वाऱ्याने हलत नाही, पण मान ताठ केल्यासारखे दिसते. जवस थोडा झुकलेलाच असतो, तो झुकाव जातो. म्हणून मी चिमटा सोडून दिला आणि वारा पडण्याची वाट पाहते. मिनिटभरात एखादा क्षण तरी मिळतोच.

विद्यार्थी दादांच्या सांगण्यावरून प्रत्येक झाडाचा बाजूचा फोटोही घेते आहे. काल शाळेला सुट्टी असल्याने त्याच एका फुलाजवळ अकरापर्यंत बसले होते. शेवटच्या फोटोत पाच हिरवी निदले आहेत, मागे तोच पिवळा पट्टा आहे आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, मातीवर पडलेल्या पाकळीचा निळा डाग आहे. तो स्पष्ट आलेला नाही, पण मी फोटो कापणार नाही.

५५-२५० बद्दल स्टुडिओवाल्या भाऊंना एक विचारायचे राहिले. मार्चमध्ये पळस फुलेल तेव्हा फुले डोक्याच्या वर असतील आणि मागे आकाशाशिवाय काही नसेल. तिथे खाली बसून काय उपयोग?

तालुक्याचा_स्टुडिओ

तिथे उभेच राहा ताई, आणि शक्य असेल तर एखाद्या उंच बांधावर. पळसाला त्या दिवसांत पाने नसतात, त्यामुळे एका झाडाच्या फांदीमागे दुसऱ्या पळसाचा केशरी ढग येईल अशी जागा शोधता येते, आणि अशा जागा ५५-२५० ने पन्नास पावलांवरूनही सापडतात. आकाशच मागे आले तर कॅमेरा फूल काळवंडवतो. एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा. आणि सकाळी नऊच्या आत आटोपा. त्यानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागली, की लांब अंतरावरचा फोटो कितीही काळजी घेतली तरी मऊच येतो, आणि तो मऊपणा आपल्याला हवा तो नव्हे.